समुद्रफूल घरी नांदावं म्हणून

१८२८ च्या ऑगस्टमध्ये सर जॉन ग्रॅहम डॅलियल या स्कॉटिश निसर्गअभ्यासकांनी नॉर्थ बर्विकच्या खडकाळ किनाऱ्यावरून एक समुद्रफूल उचललं आणि एडिंबरोला आणून काचेच्या बरणीत ठेवलं. जात अगदी साधी, युरोपच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कुणालाही दिसेल अशी. डॅलियल १८५१ मध्ये वारले, तेव्हा ते प्राध्यापक जॉन फ्लेमिंग यांच्याकडे गेलं. फ्लेमिंग १८५७ मध्ये गेले, मग डॉ. जेम्स मॅकबेन यांनी ते सांभाळलं. शेवटची वर्षं ते एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमधल्या मंडळींकडे होतं. तोवर सगळे त्याला ‘ग्रॅनी’ म्हणू लागले होते. १८५७ मध्ये एका रात्रीत या आजीबाईंनी दोनशेहून जास्त पिल्लं तोंडावाटे पाण्यात सोडली. १८८७ च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या आणि ‘द स्कॉट्समन’ या वृत्तपत्रात त्यांचा मृत्युलेख छापून आला. माणसाच्या घरातलं त्यांचं आयुष्य ५९ वर्षांचं झालं. सांभाळणारे एकामागून एक गेले, समुद्रफूल होतं तिथेच होतं.

त्या बरणीला पंप नव्हता, फिल्टर नव्हता, वर दिवा नव्हता. समुद्राचं पाणी नेमाने बदललं जाई, मधूनमधून शिंपल्यातल्या मांसाचा तुकडा मिळे, आणि हवा स्कॉटलंडची, म्हणजे थंड. आज आपल्याकडे महागडी यंत्रं आहेत, तरी घरी आणलेलं समुद्रफूल काही आठवड्यांत दगावल्याच्या कहाण्या या छंदात पावलोपावली ऐकू येतात. वास्तविक या प्राण्यात वयानुसार होणारी झीज ठळकपणे दिसतच नाही. ते मरतं ते बहुतेक वेळा आपल्या घाईमुळे आणि पाण्यातल्या चढउतारांमुळे. म्हणून या प्रकरणात यंत्रांच्या जाहिरातींपेक्षा पाणी स्थिर कसं राखायचं, हेच जास्त येणार आहे.

आधी प्राणी समजून घेऊ. समुद्रफूल हे निडारिया संघातलं, म्हणजे जेलीफिश आणि प्रवाळ यांचं भाऊबंद. त्याला हाड नाही, मेंदू नाही, हृदय नाही, कल्लेही नाहीत. खाली खडकाला धरून ठेवणारा चकतीसारखा पाय, त्यावर पोकळ धड, वर मुखाची चकती आणि तिच्याभोवती शुंडकं. तोंड एकच; अन्न त्यातूनच आत जातं आणि मळही त्यातूनच बाहेर येतो. अंगाला आकार आहे तो आत भरलेल्या पाण्यामुळे. भोवतालच्या पाण्याची क्षारता बदलली तर मासा आपल्या शरीरातले क्षार बऱ्यापैकी सांभाळतो. समुद्रफुलाला ती सोय नाही. बाहेर जे पाणी, तेच थोड्याफार फरकाने आत. क्षारता घसरली, पाण्यात विषारी काही आलं, ऊन चढलं, की त्याच्या प्रत्येक पेशीला ते थेट भोगावं लागतं. पुढे जी पथ्यं सांगतो आहे, त्यांतली निम्मीअधिक या एका गोष्टीतून निघतात.

शुंडकांवर दंशपेशी असतात. प्रत्येकीत गुंडाळी करून ठेवलेला पोकळ धागा असतो आणि स्पर्श होताच तो बाणासारखा सुटतो. समुद्रफुलाचा चुलतभाऊ असलेल्या हायड्रावर अतिवेगवान कॅमेऱ्यांनी केलेल्या मोजणीत हा धागा सुटण्याचा कळीचा टप्पा सुमारे ७०० नॅनोसेकंदांत उरकतो असं दिसलं. एवढा वेगवान व्यवहार सजीवसृष्टीत क्वचितच आढळतो. घरी पाळल्या जाणाऱ्या बहुतेक समुद्रफुलांना बोट लावलं तर नुसतं चिकट लागतं. तो चिकटपणा म्हणजेच आपल्या जाड कातडीत रुतलेले ते धागे. पण मोठ्या, गालिच्यासारख्या पसरणाऱ्या स्टिकोडॅक्टायला जातींचा दंश चांगलाच झोंबतो, कुणाकुणाला फोडही येतात. टाकीत हात घालताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात न धुता डोळ्याला लावू नये.

जगात समुद्रफुलांच्या हजाराहून जास्त जाती आहेत. त्यांतल्या जेमतेम दहा जाती क्लाऊनफिशना आसरा देतात, आणि दुकानात मागणी असते ती याच दहांतल्या काहींना. पहिलंच समुद्रफूल आणणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: ‘बबल-टिप’ घ्या, म्हणजे एंटॅक्मिया क्वाड्रिकलर. शुंडकांच्या टोकांना फुगे येतात म्हणून हे नाव. हे फुगे कधी असतात, कधी जातात. ते गेले म्हणून समुद्रफूल आजारी पडलं असं समजून औषधं शोधत बसू नये. हॅडनचं गालिचा समुद्रफूल किंवा हेटरॅक्टिस मॅग्निफिका दिसायला राजेशाही खरं, पण त्यांना मोठी टाकी लागते, बरीच वर्षं मुरलेला हात लागतो, आणि प्रवासाचा शीण त्यांना सहज सोसत नाही. गालिचा समुद्रफूल तर टाकीतला मासासुद्धा गिळतं.

टाकी किती मोठी हवी? बबल-टिप चांगलं पोसलं तर फूटभर पसरतं, तेव्हा दीडशे-दोनशे लिटरच्या खाली जाऊ नये. लहान टाकीत पाणी कमी आणि कमी पाणी लवकर बिघडतं. तापमान पटकन चढतं, मीठ पटकन दाटतं, एक मासा मेला तरी अमोनिया घातक पातळीला पोचतो. मोठी टाकी आपल्याला चूक सुधारायला वेळ देते.

त्याहून महत्त्वाचं, टाकी मुरलेली हवी. नव्या टाकीत माशांच्या मळातून अमोनिया तयार होतो. जिवाणूंची एक फळी त्याचं नायट्राइट करते, दुसरी फळी नायट्राइटचं नायट्रेट. ही साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि दुकानदार बहुधा तेवढं झालं की समुद्रफूल न्यायला हरकत नाही म्हणतो. हरकत आहे. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले म्हणजे मासे जगण्यापुरती टाकी तयार झाली. खडकांवरचं शेवाळ, वाळूतले सूक्ष्म जीव, आम्लता आणि क्षारता यांचा रोजचा तोल बसायला महिने जातात. सहा महिने हा किमान काळ धरावा, वर्षभर थांबता आलं तर उत्तम. या काळात आपणही शिकतो. पाणी रोज किती उडतं, दुपारी पारा किती चढतो, वीज गेली की काय होतं, हे सगळं समुद्रफूल यायच्या आधी कळलेलं बरं.

आता पाण्याकडे. क्षारता दर हजारी ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस. पीएच ८.१ ते ८.४. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट दहा पीपीएमच्या आसपास किंवा कमी. आकडे पाठ करायला सोपे आहेत, ते दिवसेंदिवस तिथेच ठेवणं हे खरं काम. मी तर म्हणेन, क्षारता ३४ वर वर्षभर अढळ राहिली तर ती ३३ ते ३६ अशी हेलकावे खाणाऱ्या ‘अचूक’ पाण्यापेक्षा केव्हाही चांगली.

मुंबई-रत्नागिरीकडच्या माणसाला वाटतं, समुद्र दाराशी आहे तर दोन कॅन भरून आणू. आणू नयेत. शहराजवळच्या किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी असतं, बोटींचं तेल असतं, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांमुळे तेच पाणी कितीतरी अळणी होतं. ग्रॅनीच्या बरणीत जाणारा एकोणिसाव्या शतकातला समुद्र आणि आजच्या महानगराच्या कडेचा समुद्र यांत फरक आहे. टाकीसाठी मिळणारं तयार मीठ शुद्ध पाण्यात कालवून घेणं हाच भरवशाचा मार्ग. एका लिटरला साधारण ३५ ग्रॅमहून थोडं जास्त मीठ लागतं. दोनशे लिटरच्या टाकीचं दहा टक्के पाणी बदलायचं तर वीस लिटरला पाऊण किलोच्या आतबाहेर. मीठ बादलीतच कालवावं, छोटा पंप सोडून रात्रभर फिरू द्यावं, तापमान टाकीएवढं आणावं आणि मगच घालावं. मीठ थेट टाकीत टाकलं तर न विरघळलेले कण समुद्रफुलाच्या अंगावर बसतात आणि भाजल्यासारखी जखम होते.

शुद्ध पाणी म्हणजे किती शुद्ध? टीडीएस मीटरवर शून्य. स्वयंपाकघरातला आरओ तेवढं पाणी देत नाही, कारण चवीसाठी त्यात थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. इथे एक धोका आपल्याकडे विशेष आहे. हल्ली बरेच घरगुती प्युरिफायर पाण्यात तांबं सोडतात आणि आरोग्याला चांगलं म्हणून तेच विकत घेतले जातात. माणसाला ते मानवत असेल. समुद्रफूल, कोळंबी, शंख यांना तांबं अगदी अल्प प्रमाणातही जहाल विष आहे. त्याच कारणाने टाकीचं पाणी तांब्या-कळशीत भरू नये, पितळेची तोटी जोडू नये. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर मिळणाऱ्या अनेक औषधांतही तांबं असतं. औषध द्यायचं तर मासा वेगळ्या टाकीत काढून द्यावं. मुख्य टाकीत एकदा तांबं पडलं की ते खडकांत आणि वाळूत बसतं आणि नंतर बरेच दिवस झिरपत राहतं.

क्षारता बिघडण्याचं सगळ्यांत साधं कारण म्हणजे पाणी उडणं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं. दोनशे लिटरच्या टाकीतून उन्हाळ्यात रोज तीन लिटर पाणी उडालं आणि आठवडाभर कुणी भर घातली नाही, तर १७९ लिटरांत दोनशे लिटरांचं मीठ उरतं आणि क्षारता ३५ वरून ३९ वर जाते. ही भर गोड्या, शुद्ध पाण्याचीच घालायची. खारं पाणी घातलं तर मीठ आणखी दाटत जातं, आणि ही चूक इतकी सर्रास होते की टाकीजवळ ‘भर घालायची ती गोड्या पाण्याची’ अशी चिठ्ठी लावून ठेवायला काहीच हरकत नाही. पातळी आपोआप राखणारं यंत्र मिळतं, ते जरूर बसवावं. मोजायला काट्याचा प्लॅस्टिक हायड्रोमीटर नको, रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि तो ३५ च्या प्रमाणित द्रावणावर अधूनमधून तपासावा.

आपल्या हवामानातला मोठा प्रश्न उष्म्याचा. मे महिन्यात मुंबईच्या बंद फ्लॅटमध्ये पारा ३२-३३ वर असतो, त्यात पंपांची आणि दिव्यांची ऊब मिसळते. पृष्ठभागावर पंखा सोडला तर पाणी उडताना टाकी दोन-तीन अंश थंड होते, पण हा उपाय कोरड्या हवेचा. नागपूर-अकोल्याला तो बरा चालतो (पाण्याची भरही तेवढीच जास्त लागते). मुंबईच्या दमट हवेत पाणी नीट उडतच नाही. तिथे चिलरला पर्याय नाही. काही जण रात्री खोलीचा एसी लावून समाधान मानतात. त्याने टाकी रात्री थंड आणि दुपारी गरम असा रोजचा झोका सुरू होतो, तो समुद्रफुलाला एकसारख्या २८ अंशांपेक्षा जास्त जाचतो. पुण्या-नाशिकच्या थंडीत उलट हीटर लागतो. चिलरचा खर्च ज्यांना परवडत नाही त्यांनी समुद्रफूल आणू नये, असं मी स्पष्ट सांगतो. गोड्या पाण्यातले सुंदर मासे पुष्कळ आहेत.

उष्म्याचा एवढा धसका घ्यायचं कारण समुद्रफुलाच्या अंगातच आहे. त्याच्या पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतं. बदल्यात त्याला आसरा आणि नायट्रोजनसारखं खत मिळतं. समुद्रफुलाचा तपकिरी, सोनेरी रंग या शैवालाचा. पाणी फार तापलं किंवा प्रकाश अचानक बदलला की हा संसार मोडतो, शैवाल बाहेर टाकलं जातं आणि समुद्रफूल पांढरंफटक पडतं. प्रवाळांच्या बाबतीत ज्याच्या बातम्या आपण वाचतो, तेच हे विरंजन. दुकानात शुभ्र समुद्रफूल मोत्यासारखं दिसतं आणि पहिल्यांदा घेणारा नेमकं तेच उचलतो. ते उपाशी असतं. गडद पिवळं किंवा जांभळं, एकाच सपाट रंगाचं दिसलं तर तेही सोडून द्यावं. रंगात बुडवलेली समुद्रफुलं बाजारात आलेली आहेत आणि रंगाखाली बहुधा तेच पांढरं अंग असतं.

शैवाल आहे म्हणून दिवा हवा, आणि साधा ट्यूबलाइट पुरत नाही. प्रवाळांसाठी मिळणारे एलईडी वापरावेत, दिवसाला आठ ते दहा तास, टायमर लावून. नवं समुद्रफूल आणलं की दिवा निम्म्या तीव्रतेवर ठेवावा आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा. दुकानाच्या अंधाऱ्या टाकीतून आलेल्या जिवाला पहिल्याच दिवशी प्रखर उजेडात ठेवणं म्हणजे वर सांगितलेलं विरंजन हाताने ओढवून घेणं.

खरेदी करताना काय पाहावं? तोंड घट्ट मिटलेलं हवं. शुंडकं भरलेली आणि चिकट हवीत. पाय अखंड हवा. पायाला चीर असलेलं समुद्रफूल क्वचितच वाचतं. काचेला किंवा दगडाला धरून बसलेलं असेल तर ओरबाडून काढू देऊ नये. नखाने कडेकडेने सोडवायला लावावं, नाहीतर दगडासकट घ्यावं. ते खातं का, हे दुकानदाराला तुमच्यासमोर दाखवायला सांगा. घरी आल्यावर पिशवी टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवावं, मग बारीक नळीतून थेंबथेंब टाकीचं पाणी सोडत तासभरात क्षारता जुळवावी.

टाकीत सोडल्यावर मात्र हात मागे घ्यावा. समुद्रफूल चालतं. पायाच्या चकतीवर सरकत सरकत ते स्वतःची जागा शोधतं, आणि त्याची आवड आपल्या आवडीशी जुळेलच असं नाही. बबल-टिपला पाय खडकाच्या खोल फटीत आणि शुंडकं उजेडात अशी बैठक लागते. खडकात तशी फट आधीच ठेवली असेल तर ते बहुधा तिथेच बसतं आणि मग महिनोन्महिने हलत नाही. तुम्ही त्याला उचलून दर्शनी जागी ठेवलंत तर ते पुन्हा निघतं, पुन्हा उचललंत तर पुन्हा. या भटकंतीतच सगळ्यांत भयंकर अपघात होतो: ते वेव्हमेकरच्या, म्हणजे टाकीत प्रवाह खेळवणाऱ्या पंपाच्या, तोंडाशी येतं आणि पात्यांत सापडतं. मग चिंधड्या झालेला तो प्राणी पाण्यात विष आणि सडकं मांस सोडतो आणि कधीकधी एका रात्रीत सबंध टाकी मरते. म्हणून समुद्रफूल आणायच्या आधी प्रत्येक पंपाच्या तोंडाला जाळी किंवा स्पंज बसवलेला असला पाहिजे. समुद्रफूल चालत गेलं तर वाटेतल्या प्रवाळांनाही डसतं, तेव्हा ज्याला दोन्ही हवं त्याने खडकाचं एक स्वतंत्र बेट समुद्रफुलासाठी सोडावं.

खाऊ घालण्यात माणसं अतिरेक करतात. शैवालाकडून पोट बरंचसं भरतं. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, नखाएवढा तुकडा पुरे. मासळी बाजारातली ताजी कोळंबी सोलून, धागा काढून, बारीक चिरून छोट्या वड्या गोठवून ठेवाव्यात. मीठ-हळद लावलेली किंवा टिकाऊपणासाठी औषध मारलेली चालत नाही. तिसऱ्याचं मांसही आवडीने खातं. लांब चिमट्याने तुकडा शुंडकांना टेकवावा. ती वळतात, तुकडा तोंडाकडे सरकतो आणि मुखाची चकती त्याच्याभोवती थैलीसारखी मिटते. मोठा तुकडा दिला तर दुसऱ्या दिवशी तो अर्धवट पचलेला, बुळबुळीत होऊन बाहेर येतो आणि पाणी नासवतो. गणपतीला आठ दिवस गावी जायचं असेल तर शेजाऱ्यांना खाऊ घालायला मुळीच सांगू नये. दिवा टायमरवर असेल तर समुद्रफूल तेवढे दिवस न खाता आरामात राहतं. शेजाऱ्यांकडे द्यायच्या त्या शुद्ध पाण्याच्या बाटल्या, रोज एक याप्रमाणे मोजून भरलेल्या. आणि पंप इन्व्हर्टरवर जोडलेला असावा, निदान बॅटरीवर चालणारा हवेचा पंप तरी. वीज तासन्‌तास गेली तर आधी प्राणवायू संपतो, बाकी सगळं नंतर.

क्लाऊनफिश हवाच का? नाही. समुद्रफूल माशाविना जगतं आणि टाकीत वाढलेला क्लाऊनफिशही समुद्रफुलाविना मजेत जगतो. पण दोघं एकत्र आले तर समुद्रफुलाचा फायदा होतो हे खरं. माशाच्या मळातला अमोनिया शैवालाला खत म्हणून मिळतो, रात्री मासा शुंडकांत वळवळत राहतो त्याने पाणी खेळतं राहतं, आणि समुद्रात तो समुद्रफूल कुरतडणाऱ्या फुलपाखरू माशांना हुसकावतो. जोडीतली मोठी ती मादी. ती मेली तर नराची मादी होते, आणि २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’ने ही गोष्ट सोयीने वगळली आहे. नव्या, अशक्त समुद्रफुलाला मात्र दांडगे क्लाऊनफिश अंग घासून घासून हैराण करतात. ते आधी रुळू द्यावं, मासे नंतर.

आता आजारपण ओळखण्याविषयी, कारण इथे नवखा माणूस विनाकारण घाबरतो किंवा नको तेव्हा निश्चिंत राहतो. समुद्रफूल अधूनमधून अंगातलं सगळं पाणी सोडून आक्रसतं आणि सुकलेल्या लिंबाएवढं होतं. तोंडातून तपकिरी दोरे बाहेर येतात. हा त्याचा रोजचा व्यवहार आहे. काही तासांत, फार तर एखाद्या दिवसात ते पुन्हा फुलतं. अशा वेळी पाणी तपासावं, पण समुद्रफुलाला ढोसू नये. काळजीची लक्षणं वेगळी. तोंड सताड उघडं राहून आतला भाग बाहेर लोंबणं, शुंडकांचा चिकटपणा जाणं, पायाची पकड सुटून प्रवाहाबरोबर लोळणं, दिवसा अनेकदा फुगणं-आक्रसणं आणि हे सलग काही दिवस चालणं. मेलेलं समुद्रफूल जाळीने स्पर्श करताच विरघळल्यासारखं तुटतं आणि त्याचा कुजका वास लपत नाही. ते लगेच काढावं, पाणी मोठ्या प्रमाणात बदलावं, फिल्टरमध्ये ताजा कार्बन घालावा. पांढरं पडलेलं पण तोंड मिटलेलं, चिकट असलेलं समुद्रफूल मात्र वाचवता येतं. सौम्य उजेड, आठवड्यातून दोनदा अगदी बारीक खाऊ आणि तेच स्थिर पाणी. रंग परत यायला महिने लागतात.

समुद्रफूल आलं कुठून, हा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ग्रॅनी बरणीत असतानाच इंग्लंडमध्ये या छंदाचं वेड पसरलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द ॲक्वेरियम’ आलं आणि १८६० मध्ये त्यांनी ब्रिटनच्या समुद्रफुलांवरचा मोठा ग्रंथ पुरा केला. गॉस अत्यंत प्रेमाने लिहीत आणि रंगवत. त्यांची पुस्तकं वाचून माणसं हातोडी आणि बरण्या घेऊन किनाऱ्यावर उतरली, आणि डेव्हनची खडकांतली डबकी ओरबाडली गेली. त्यांचा मुलगा एडमंड याने १९०७ च्या ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात त्या ऱ्हासाबद्दल खोल दुःखाने लिहिलं आहे. आपल्या वडिलांच्या पुस्तकांनीच हे घडलं याची बोच त्यात आहे.

आपल्याकडे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा खडक पुष्कळदा प्रवाळाचाच सांगाडा असतो, तेव्हा समुद्रातून काढलेला खडक घेऊच नये. कोरडा, कृत्रिम खडक काही महिन्यांत तितकाच जिवंत होतो. क्लाऊनफिशची पैदास बंदिस्त टाक्यांत होते. भारतातही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र बसवलं आहे. मग रानातला मासा का घ्यावा? समुद्रफुलाच्या बाबतीतही समुद्रातून उचललेलं आणि कुणाच्या टाकीत विभागून झालेलं असे दोन पर्याय असतील तर दुसराच निवडावा. ते टाकीच्या उजेडाला आणि खाऊला सरावलेलं असतं, त्यामुळे जगतंही जास्त. आपल्या किनाऱ्यावरची समुद्रफुलं तिथेच पाहावीत. मुंबईत हाजीअलीच्या, रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर मोठ्या ओहोटीला ती दिसतात. पाण्याबाहेर मिटून जेलीच्या गोळ्यासारखी, अंगावर शिंपल्यांचे कण चिकटवून घेतलेली, आणि शेजारच्या डबक्यात पूर्ण उमललेली. गोव्याच्या हणजुणे किनाऱ्याचं नाव मिळालेली ‘ॲन्थोप्ल्यूरा अंजुने’ ही जात शास्त्राच्या नोंदीत आली ती १९९३ मध्ये. आपल्या पायाखालच्या खडकांवरसुद्धा नोंद व्हायची राहिलेली जात असू शकते, हे किनाऱ्यावर चालताना लक्षात असू द्यावं.

टाकी नीट बसली की बबल-टिप एखाद्या दिवशी लांबट होतं, मधून ताणलं जातं आणि दोन्ही अर्धं विरुद्ध दिशांना चालू लागतात. काही तासांत ते फाटतं. दृश्य घाबरवणारं असलं तरी मध्ये पडू नये. दोन्ही तुकड्यांची फाटलेली बाजू आत वळते, जखम भरते, प्रत्येकाचं तोंड पुन्हा मध्यावर येतं. तोवर आठवडा-दोन आठवडे खाऊ देऊ नये. वर्षभरात एकाची तीन-चार झाली तर टाकीत जागा उरत नाही आणि मग दुसऱ्या छंदिष्टाला द्यायची वेळ येते. द्यायचं ते लहान सुट्या दगडावर बसलेलं द्यावं, म्हणजे पाय सोडवायची गरज पडत नाही. पिशवीत एकटंच, आपल्याच टाकीच्या पाण्यात ठेवावं आणि पिशवी थर्माकोलच्या खोक्यात बसवावी. सोबत एक चिठ्ठी: क्षारता किती, तापमान किती, दिवा किती तास, शेवटचं खाल्लं कधी. घेणाऱ्याच्या टाकीला सहा महिने झालेले नसतील तर तेवढे होईपर्यंत ते आपल्याकडेच ठेवावं.